डावा पाय

बाराचा खेळ, माटुंग्याचं जुनं थिएटर,
आम्ही सतरा जण. सतरा मीच मोजले,
खुर्च्या उघडण्याच्या आवाजावरून.

एकतीस वर्षं मी अंधेरीच्या एका बंद खोलीत
दुसऱ्यांसाठी चाललो.
नायिकेचे पैंजण माझ्या घोट्यात,
इन्स्पेक्टरचे बूट माझ्या हातात,
फरशीचा तुकडा, वाळूचं घमेलं, करवंट्या,
आणि जंगल हवं असेल तर
उसवलेल्या कॅसेटची फीत, पायाखाली चुरगळलेली.
त्या फितीवरून किती डाकू पळाले याचा हिशेब
सायमन घोन्साल्विस ठेवायचा.
तो गेला. हिशेबही गेला.

म्हणून पडद्यावर तो माया माणूस पळू लागला
तेव्हा मी डोळे मिटले.

मीठ वाहणारा होता तो. पाठीवर टोपली,
टोपलीचा पट्टा कपाळाला, मागे सहा भालेवाले.
एवढं बघून ठेवलं होतं. पुढचं पायांनी सांगितलं.
ओली पानं. मग सुकी.
मग एक मूळ. अंगठा ठेचकाळला.
मग चुनखडीचा खडक,
तिथे टाच पोकळ वाजते, खाली पाणी असतं म्हणून.
हजार वर्षांपूर्वीचं पाणी,
मला किंग्ज सर्कलला बसून कळलं.

भाषा त्यांची. खालची अक्षरं इंग्रजी, भराभर पुसली जाणारी.
मला दोन्ही सारखीच परकी.
दम लागणं मात्र मराठीच होतं.

पकडून त्याला शहरात आणला.
चुन्यानं लिंपलेले चौक, आभाळात घुसलेल्या पायऱ्या,
ढोल, हजारोंचा गिल्ला.
एखादा पाऊल ढोलाखाली बुडवून मोकळा झाला असता.
एखादा कशाला, मीच.
अर्धा दिवस वाचतो, चहा होतो.
यांनी नाही बुडवलं.
दोन थापांच्या फटीत त्याचं अनवाणी पाऊल,
गुळगुळीत गिलाव्यावर घामानं चिकटून सुटणारं,
चप्.
माझ्या तळव्याला घाम आला.

सुटला. पुन्हा रान.
आणि डावा पाय उशिरा पडू लागला,
केसभर.
शेजारच्या कॉलेजच्या पोराला म्हटलं, डाव्याला लागलंय.
कुठे? काहीच दिसत नाही.
बऱ्याच वेळानं कॅमेरा खाली उतरला:
टाचेत काटा, बोटाएवढा.
पोरानं माझ्याकडे असं पाहिलं
जसा मी त्यांचाच कुणी पुजारी,
शुक्र कधी उगवणार ते सांगणारा.

मध्यंतरात मला समोसा देत म्हणाला,
काका, ही माणसं नुसती बळी देणारी नव्हती हो.
शून्य ठाऊक होतं त्यांना.
सिनेमात ते कुठे दाखवलंच नाही.
बघू, म्हटलं. अजून अर्धा बाकी आहे.

आणि शेवटाकडे,
तो दलदलीत नाकापर्यंत बुडून उभा असताना
भालेवाले काठावर थांबले.
पानं थांबली. किडे थांबले.
मग हवासुद्धा काढून घेतली कुणीतरी.
शांतता म्हणून आम्ही जी वापरतो ना,
रात्री दोनला खोलीत भरून ठेवलेली, तीही नाही.
थिएटरचा पंखा ऐकू आला.
पुढच्या रांगेत कुणीतरी आवंढा गिळला.
पोराच्या मनगटाला हात लावून मी म्हटलं,
हे घे तुझं शून्य.

पुढे तो वाचला की नाही ते तुम्ही बघा.

नावं सुरू झाली आणि सगळे उठले.
मला फक्त एक नाव वाचायचं होतं, पायांचं.
ते अगदी खाली असतं, ड्रायव्हर आणि जेवणवाल्यांच्या आसपास.
तिथवर पोचायच्या आत डोअरकीपरनं दार लोटलं,
पडद्यावर ऊन सांडलं,
अक्षरं त्यात मिठासारखी विरघळली.

फाइव्ह गार्डनमध्ये बदामाखाली चपला काढल्या.
सुकी पानं, मोठाली, तांबडी.
उजवा. डावा, केसभर उशिरा.
नाही. पुन्हा.
उजवा. डावा.
वॉचमन आला. काका, काय हरवलं?
काही नाही, म्हटलं, डावा जुळतो का बघतोय.

हसला नाही तो. काठी बगलेत धरून
कितीतरी वेळ माझ्या पायांकडे बघत राहिला.
एकतीस वर्षांत पहिलाच.